चार अंशांवर

९ नोव्हेंबर. घर २१ अंश.

डॉक्टरांनी नोंद ठेवायला सांगितली आहे. आमच्या हिची बोटं कुठल्या दिवशी निळी पडतात, त्या वेळी थंडी किती होती, पुन्हा ठीक व्हायला किती वेळ लागला, हे तारीखवार लिहून आणा म्हणाले. शीतगृहातलं एक कोरं रजिस्टर घरी पडून होतं, तेच काढलं. तारीख, वेळ, तापमान, शेरा असे रकाने छापलेलेच आहेत. मात्र पहिल्याच दिवशी माझा शेरा रकाना सोडून पानभर पसरला आहे.

डॉक्टर हे वाचणार आहेत म्हणून सांगतो. मी अठ्ठावीस वर्षं शीतगृहात आहे. लोणी, सफरचंदं आणि बियाण्याचे बटाटे सांभाळतो. तिथे मला डिग्रीसाहेब म्हणतात. कॉलेजची पायरी न चढलेल्या माणसाला हे नाव आमच्या कॉम्प्रेसरवाल्याने ठेवलं. नऊ वर्षांपूर्वी दवाखान्याचं लशींचं कपाट बंद पडलं, तेव्हा त्यांनी सगळ्या लशी आमच्याकडे आणल्या होत्या. तीन दिवस मी घरी गेलो नाही आणि काटा अर्ध्या अंशानेही हलू दिला नाही. त्याचं आभारपत्र आमच्या स्वयंपाकघरात चौकटीत लावलेलं आहे.

ही पूर्वी तिथेच सफरचंदं निवडायला यायची. दोन स्वेटर घालून बसायची आणि मी दार उघडं टाकलं की माझ्यावर खेकसायची. त्या भांडणातूनच आमचं जमलं. आता घरी शिवणकाम करते. काजं इतकी सुबक करते की गावातले शिंपी तिच्याकडे कोट पाठवतात.

१३ नोव्हेंबर. घर १९. फ्रिज ५.

सकाळी हिने फ्रिजमधून दूध काढलं. पातेलं ओट्यावर ठेवेपर्यंत चार बोटं जांभळी. पूर्ववत व्हायला बावीस मिनिटं. नडग्यांवर मोहरीएवढे लाल ठिपके आहेत, ते दाबले तरी जात नाहीत. दुपारी काज करताना सुई बोटात रुतली ती हिला कळलीच नाही. कापडावर रक्त दिसलं तेव्हा कळलं. कोट पांढरा होता. हिला बोटापेक्षा कोटाचंच जास्त लागलं.

२० नोव्हेंबर. घर १९.

डॉक्टर म्हणाले, काही लोकांच्या रक्तात एक विचित्र प्रथिन तयार होतं. अंगाच्या उबेत ते विरघळलेलं असतं, गार झालं की गोठतं आणि बारीक नसा तुंबवतं. ते आहे का बघायला हवं. आणि असलंच तर ते कुठून येतंय, तेही शोधायला हवं, कारण कधीकधी त्याच्या मागे दुसरंच दुखणं दडलेलं असतं.

ही तपासणी इथे होत नाही. नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत न्यायचा, बसने तीन तास. "वाटेत तापमान सांभाळा हं, नाहीतर सगळं फुकट," डॉक्टर म्हणाले. मला हसू आलं. हे त्यांनी मला सांगावं?

२१ नोव्हेंबर. पेटी ४.

सकाळी आठला दवाखान्यात रक्त काढलं. तिथली नर्स पोरगेलीच आहे. नळी हातात देताना म्हणाली, "काका, ही तपासणी जरा वेगळी असते बरं का. ही नळी तुम्ही..." मी तिला तिथेच थांबवलं. म्हटलं, "बाळ, मला शिकवू नकोस. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी तापमान सांभाळतोय." ती हसली. बाहेर मोठी रांग होती. "मग प्रश्नच मिटला," म्हणाली आणि पुढच्या माणसाला आत घेतलं.

पेटी मी कालच तयार करून ठेवली होती. लोण्याच्या नमुन्यांची जाड भिंतींची पेटी, तळाला बर्फाच्या चार पिशव्या, वर फडकं, मध्ये नळी उभी राहील असा खाचा. नळी बर्फाला टेकली नाही. टेकवतात ते नवशिके. बसमध्ये पेटी मांडीवर घेतली. साडेआठ, ४. नऊ, ४. साडेनऊ, ४. दहा, ४. साडेदहाला एकदा ५ झालं, कारण ही सारखी झाकण उघडून बघत होती. अकरा, ४.

तिने एकदा नळी वर धरून पाहिली. "अहो, रक्तावर साय आल्यासारखं दिसतंय." खरंच, खाली लाल गठ्ठा बसला होता आणि त्यावर पांढरट थर होता. मी म्हटलं, धक्का लागू दिला नाही म्हणून इतकं स्वच्छ निवळलंय. प्रयोगशाळेच्या खिडकीवरच्या माणसाने नळी घेतली, इतर नळ्यांच्या रांगेत उभी केली आणि पावती दिली. पेटीकडे बघितलंही नाही. येताना हिला म्हटलं, शहरातली माणसं, यांना कामाची कदर नाही.

२८ नोव्हेंबर. घर १८.

अहवाल आला. "आढळले नाही." जीव भांड्यात पडला. डॉक्टर म्हणाले, मग हा नुसता रक्ताभिसरणाचा दोष, थंडी संपली की कमी होईल. हातमोजे, पायमोजे आणि एक गोळी.

सुंठीवाचून खोकला गेला. लेकीला फोन केला. ती कामाच्या निमित्ताने इतकी लांब असते की यायला दोन दिवस लागतात. ती रडलीच. आठवडाभर धीर धरून होती म्हणे, आम्हाला कळू दिलं नाही. ही म्हणाली, "तुमच्या पेटीचा पायगुण." मी पेटी धुऊन, पुसून माळ्यावर ठेवली.

१६ डिसेंबर. घर १६.

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण आता डॉक्टरांनी मागितलेलं नाही. पण सवय लागली. बोटं रोज निळी पडतात. हिने माझ्या जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून त्यांचे बोटं उघडी राहतील असे हातमोजे केले आहेत, ते घालूनच शिवते. आज माझ्यावर उखडली. मी कामावरून आल्या आल्या हिच्या मानेला हात लावला, तर म्हणाली, "तो बर्फखाना तिकडेच ठेवून येत जा." पूर्वी याच गोष्टीला हसायची.

९ जानेवारी. घर १५.

उजव्या अंगठ्याला जखम झाली आहे, भरत नाही. घोटे सुजतात, बोट दाबलं की खळगा राहतो. मी म्हटलं पुन्हा डॉक्टरांकडे जाऊ. ही म्हणते, "कशाला? अहवालात नाही म्हणून आलंय ना? तुम्हीच नेला होतात ना नमुना?" तेही खरं. दुसऱ्या कुणी नेला असता तर मी शंका घेतली असती.

३ फेब्रुवारी. घर १७.

मानेत गाठ लागते आहे, सुपारीएवढी. हिला म्हणे महिन्यापासून ठाऊक आहे, ब्लाउजचं माप घेताना लागली. सांगितलं का नाही? तर "तुमच्या कामाचे दिवस होते." बटाट्यांची आवक होती म्हणून गाठ लपवली. काय बोलणार या बाईला. चार घास जेवते आणि उरलेलं माझ्या ताटात ढकलते.

११ फेब्रुवारी.

मोठ्या शहरातलं मोठं रुग्णालय. डॉक्टरांनीच पाठवलं. इथल्या डॉक्टरीणबाई फक्त रक्ताच्या आजारांचं बघतात. मी रजिस्टर बरोबर नेलं होतं, ते पाहून खूश झाल्या. "अशी नोंद कुणी आणत नाही हो," म्हणाल्या आणि एकेक पान वाचू लागल्या. माझी छाती फुगली, खोटं कशाला सांगू.

२१ नोव्हेंबरच्या पानावर बराच वेळ थांबल्या. मग विचारलं, "हा नमुना तुम्ही स्वतः नेलात?"

"स्वतः. चारच्या वर जाऊ दिलं नाही. एकदा पाच झालं, तेही लिहिलंय."

त्यांनी चष्मा काढला, पुसला. "अक्षर छान आहे तुमचं," म्हणाल्या. मग म्हणाल्या, ही तपासणी आपण पुन्हा करू, या वेळी आमची माणसं करतील. मी म्हटलं, न्यायचं असेल तर मी आहे. तर म्हणाल्या, "नको, तुम्ही यांच्याजवळ बसा." थोडं लागलं मनाला. हिला दाखल करून घेतलं. गाठीचा तुकडाही काढणार आहेत.

१२ फेब्रुवारी. वॉर्ड २४.

प्रयोगशाळेतली बाई स्वतः वर आली. बरोबर रुंद तोंडाचा थर्मास, त्यात कोमट पाणी, पाण्यात रिकाम्या नळ्या. नळीसुद्धा आधी गरम करून घेतली. रक्त काढलं, लगेच थर्मासमध्ये सोडलं, झाकण लावलं आणि जवळजवळ पळतच गेली. मी मागून म्हटलं, "अहो, एवढ्या उबेत खराब होईल ते." ती जिन्यावरूनच म्हणाली, "याला थंडी लागली तर खराब होतं, काका."

प्रत्येक प्रयोगशाळेची आपापली पद्धत असते. तरी कुठेतरी पाल चुकचुकली. इथे लिहून ठेवतो आणि तो विषय बंद करतो.

१९ फेब्रुवारी.

खाली प्रयोगशाळेत गेलो होतो. कुणी बोलावलं नव्हतं.

२० फेब्रुवारी. वॉर्ड २४.

शेरा नाही.

२२ फेब्रुवारी.

लिहिलं पाहिजे. बाकीची अठ्ठावीस वर्षं खरं लिहिलं आणि हेच टाळलं तर त्या रजिस्टरांना अर्थ नाही.

प्रयोगशाळेतल्या बाईने मला नळी दाखवली. आता तिच्यात फक्त वरचं पिवळं पाणी होतं, लाल गठ्ठा आधीच वेगळा केलेला. सात दिवस फ्रिजमध्ये उभी होती. तळाला पांढरी साय. बाईने नळी कोमट पाण्यात धरली आणि आम्ही दोघं बघत राहिलो. साय विरघळली, पाणी नितळ झालं. "हेच ते प्रथिन," ती म्हणाली. "गारव्यात गोठतं, उबेत विरतं."

मी विचारलं, आणि समजा, गठ्ठा वेगळा करायच्या आधीच नळी गार झाली तर?

"मग साय गठ्ठ्यावरच बसते. गठ्ठा टाकून देताना तीही जाते. उरलेल्या पाण्यात काहीच सापडत नाही. अहवाल येतो, आढळले नाही. म्हणून तर आम्ही थर्मास घेऊन पळतो. काही नसेल तर काखेत धरून आणतो."

काखेत. नोव्हेंबरात मी नळी नुसती शर्टाच्या आत काखेत धरून तीन तास बसलो असतो तरी चाललं असतं. त्याला पेटी लागत नव्हती, बर्फ लागत नव्हता, डिग्रीसाहेब लागत नव्हता. कुठल्याही अडाण्याने ते नीट नेलं असतं. आणि साय हिने बघितली होती. हिने नळी उजेडात धरून मला दाखवली होती.

२६ फेब्रुवारी.

गाठीचा निकाल आला. लिम्फोमा. रसग्रंथींचा कॅन्सर. त्यातल्या बिघडलेल्या पेशीच ते प्रथिन रक्तात सोडतात. आणि त्या प्रथिनाने इतक्या दिवसांत दोन्ही मूत्रपिंडं तुंबवली आहेत. घोट्यांची सूज ती होती.

हिला झोप लागल्यावर मी डॉक्टरीणबाईंना बाहेर गाठलं. विचारलं, नोव्हेंबरात कळलं असतं तर? त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"मूत्रपिंडं तेव्हा बहुतेक शाबूत असती. कॅन्सर तेव्हाही होताच. पुढे काय झालं असतं ते मला सांगता येणार नाही, आणि दुसऱ्या कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका."

मग म्हणाल्या, चूक तुमच्या एकट्याची नाही, नमुना उबेत न्यायचा हे चिठ्ठीवर लिहायला हवं होतं, तिथल्या खिडकीवर विचारायला हवं होतं. मी म्हटलं, "नर्स सांगत होती. मी सांगू दिलं नाही." यावर त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी काही बोलावं असं मला फार वाटत होतं.

२ मार्च. वॉर्ड २५.

लेक आठ दिवस राहून आज परत गेली. सुट्टी संपली, आणि औषध सुरू झाल्यापासून हिची बोटं जरा बरी आहेत, म्हणून गेली. तिला मी काही सांगितलेलं नाही. ती गेल्यावर हिला सांगितलं.

हिने शांतपणे ऐकलं. दोनच प्रश्न विचारले.

"ती पोर सांगत होती?"

"हो."

"आणि तुम्ही तिला गप्प केलंत."

"हो."

हिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

३ मार्च.

बोलत नाही. गोळ्या नर्सच्या हातून घेतल्या. मी केस विंचरायला गेलो तर फणी माझ्या हातातून काढून घेतली. बोटांत धरता येईना, तरी दिली नाही.

४ मार्च. वॉर्ड २५.

दुपारी स्वतःहून बोलली. जसं बोलली तसं लिहितो.

"मी चिडलेय. लगेच जाणार नाही हा राग, आणि मी घालवणारही नाही. सत्तावीस वर्षं तुमचं ते 'मला शिकवू नका' ऐकतेय. सगळ्यांना तेच. दूधवाल्याला तेच, जावयाला तेच. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं तोंडावर एकदा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. चालवून घेतलं."

मी उठलो. वाटलं, हिला मी समोर नको असेन.

"कुठे निघालात? बसा. मी चिडलेय म्हणजे तुम्ही जायचं असं कुणी सांगितलं?" जरा वेळाने म्हणाली, "त्या दिवशी बसमध्ये पेटी मांडीवर घेऊन बसला होतात ना, लेक जन्मली तेव्हा तिला घेऊन बसला होतात तसे. मला तेवढं आठवतंय. म्हणून धड चिडताही येत नाही."

मी रडलो. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी तोंड फिरवून घेतलं, भल्या आहेत.

१५ मार्च. वॉर्ड २६.

आज तिसऱ्यांदा यंत्र लावलं. रक्तातलं ते बिघडलेलं पाणी काढून टाकतात आणि दुसरं भरतात. नळ्या गरम राहाव्या लागतात, नाहीतर रक्त नळीतच गोठायचं. कॉम्प्रेसरवाला भेटायला आला होता. येताना माझ्या माळ्यावरची ती पेटी घेऊन आला, मी फोनवर मागितली होती. तिच्यात आता गरम पाण्याच्या पिशव्या ठेवतो आणि वर हिची पांघरुणं, मोजे, चमचासुद्धा. पेटी तीच. बर्फ ठेवला तर बर्फ सांभाळते, ऊब ठेवली तर ऊब. पेटीचा काही दोष नाही.

हात लावायच्या आधी माझे हात पिशवीवर शेकून घेतो. डॉक्टरीणबाईंनाही त्यांचा स्टेथोस्कोप शेकून घ्यायला लावतो. त्या निमूटपणे शेकतात. ही म्हणाली, "बघा, आता डॉक्टरांनाही शिकवायला लागलात."

संध्याकाळी म्हणाली, "एक कबूल करा. मला परत गार करायचं नाही. कशासाठीही नाही."

म्हटलं, कबूल.

"मेल्यावरसुद्धा. तुमच्या सफरचंदांसारखं कुठे खणात रचून ठेवायचं नाही. जे काय करायचं ते लगेच उरका."

असलं काही बोलू नको म्हणणार होतो. पण यापुढे हिला मध्येच तोडायचं नाही असं ठरवलं आहे. कबूल म्हटलं.

२३ मार्च. वॉर्ड २६.

बोटं आज दिवसभर गुलाबी. सुईदोरा मागितला. एक काज केलं, माझ्याच शर्टाच्या बाहीला. पूर्वीसारखं नाही, एका बाजूला ओढलं गेलंय. म्हणाली, उसवून पुन्हा करते उद्या. मी उसवू दिलं नाही.

२८ मार्च.

ताप. फुप्फुसात संसर्ग. औषधाने कॅन्सरच्या पेशी मरतात तशी जंतूंशी लढणारी ताकदही जाते, असं सांगितलं. मूत्रपिंडं काम करत नाहीत. ताप ३९.२. मला इतका आकडा लिहायची सवय नाही.

१ एप्रिल.

हिने डोळे उघडले, मला बघितलं आणि म्हणाली, "दार लावून घ्या." दार लावलेलंच होतं. तरी उठलो, उघडलं आणि पुन्हा लावलं.

२ एप्रिल.

सकाळी सव्वादहाला गेली.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, मी निघते, परवा संध्याकाळपर्यंत पोचते, तोवर थांबा. इतक्यात वॉर्डातला माणूस कागद घेऊन आला. मुलगी बाहेरून येणार असेल तर खालच्या शीतकक्षात ठेवावं लागेल, सही करा म्हणाला. मी विचारलं, तिथे किती असतं? माझ्या तोंडून आपोआप गेलं ते.

"चार," तो म्हणाला.

फोन कानालाच होता. लेकीने ऐकलं असावं. मी तिला सांगितलं की आईने मला एक कबूल करायला लावलंय. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मला तिला एकदा बघायचंय."

मेल्यावर सगळंच शेवटी खोलीच्या तापमानाला येतं, हे मला कुणी शिकवायला नको. माणूस आणि सफरचंद यांत काटा फरक करत नाही. हिला काही कळणार नव्हतं. सही केली असती तर एका पोरीला तिची आई दिसली असती. मी कागद हातात घेऊन उभा होतो आणि मला पेटीतला तो खाचा आठवत होता, नळी बर्फाला टेकू नये म्हणून केलेला.

मी लेकीला म्हटलं, "मी तिला शब्द दिलाय गं."

"तुम्ही तिला शब्द दिलात, मला विचारलं नाहीत," ती म्हणाली. खरं आहे. मग रडत म्हणाली, "नका ठेवू." आणि फोन ठेवला.

तिला गावी आणलं, दुपारी चारच्या आत सगळं उरकलं. कॉम्प्रेसरवाला होता. नोव्हेंबरातली ती नर्सही आली होती, कुणी कळवलं कोण जाणे. तिने माझे हात धरले. मी म्हटलं, "बाळ, त्या दिवशी तू काय सांगणार होतीस?" तिला आठवेना, कुठला दिवस. तिच्याकडे रोज रांग असते.

५ एप्रिल. घर २७.

लेक काल संध्याकाळी आली. माझ्याशी बोलली नाही. आईच्या शिवणयंत्रापाशी बसली, तिथेच झोपली.

सकाळी मी हे रजिस्टर तिच्यापुढे ठेवलं. पहिल्या पानापासून वाच म्हटलं आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. ऊन होतं. तिने किती वेळ घेतला ते सांगता येत नाही, मी घड्याळ आतच ठेवलं होतं.

बाहेर आली तेव्हा डोळे सुजले होते. ओरडेल असं वाटलं होतं, तयारीही होती. ती माझ्या शेजारी पायरीवर बसली. माझ्या बाहीवरचं ते वाकडं काज तिने बोटाने चाचपलं.

"शेवटी तिचा हात कसा होता, बाबा?"

गरम होता, मी सांगितलं. दोन्ही हातांत धरून बसलो होतो, त्यांनी उठवेपर्यंत.

"किती वेळ?"

मला सांगता आलं नाही. त्या दिवसाच्या पानावर वेळ नाही, तापमानही नाही. गरम होता एवढंच. मी मोजलं नाही.